रंगारणीचा चेहरा

गावातलं जे जे वाचण्यासारखं होतं, त्यातलं निम्मं पेंटरबाईच्या हातचं होतं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याच्या वेळा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, आणि नदीकाठची ‘येथे पोहू नये’ ही सूचना, जी मोठ्याने वाचूनच पोरं पाण्यात उड्या टाकायची. तीस वर्षं ती हेच करत होती. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. वीतभर फळीवर हत्तीएवढी अक्षरं मागायची आणि वर ‘जरा मोकळी जागाही ठेवा’ म्हणायची. ती मान डोलवायची आणि शेवटी आपल्या मनासारखंच करायची. अक्षरांत तिचा हात धरणारा कुणी नव्हता. चेहरे मात्र ती सहसा काढत नसे.

म्हणून वाचनालयाचे मास्तर जेव्हा भिंतीचं काम घेऊन आले, तेव्हा तिने आधी नाहीच म्हटलं.

मास्तर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गेली बारा वर्षं पिशवीत एक वही घालून ते आसपासची गावं पालथी घालत होते. ज्यांना चेटकीण ठरवून मारलं, हाकललं, वाळीत टाकलं, त्यांच्या हकिकती गोळा करत होते. दहा बाया आणि एक पुरुष, असे अकरा जण वहीत जमले होते. वाचनालयाच्या लांब भिंतीवर या अकरांचे चेहरे काढायचे आणि दर रविवारी संध्याकाळी त्यातल्या एकाची गोष्ट कुणीतरी सगळ्यांना सांगायची, असा त्यांचा बेत होता.

“नावांची यादी लावा की,” पेंटरबाई म्हणाली. “मी झकास अक्षरात लिहून देते.”

“यादी कोण वाचतं, बाई? चेहरा दिसला की माणूस थांबतो. थांबला की विचारतो. विचारलं की सांगता येतं.” मास्तरांनी वही तिच्या पुढ्यात ठेवली. “वाचून तर बघा. मग नाही म्हणा.”

दुपारी घरी चहाचा कप शेजारी ठेवून तिने वही उघडली. एकेका पानावर एकेक माणूस. सातव्या पानावर तिचा हात थांबला.

‘रंगारीण. वय पस्तिशीचं. एकटी राहायची. कपडे रंगवून द्यायची. शेजारचं मूल तापाने दगावल्यावर लोकांनी तिला चेटकीण ठरवलं. केस कापले, पुलापलीकडे हाकललं. पुढे काय झालं, कळत नाही. नातेवाईक आढळले नाहीत.’

शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचलं. न आढळलेली नातेवाईक चहा गार होऊ देत तिथेच बसली होती.

रंगारीण तिची मावशी होती. सख्खी. आई सूतगिरणीत कामाला जायची, तेव्हा सात वर्षांची ही मुलगी शाळेतून सुटली की थेट मावशीच्या खोलीवर यायची. ती खोली तिला आजही डोळे मिटून फिरता आली असती. दारातून शिरताच डाव्या हाताला तीन मोठी भांडी, वर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवरून निथळणारे शर्ट आणि चादरी, खाली जमिनीवर निळ्या-लाल थेंबांची ओळ. वाफेचा तो आंबूस वास. मावशी काठीने कपडे ढवळत पाढे म्हणून घ्यायची, आणि चुकलं की काठी न थांबवता म्हणायची, “खारे, शेपूट कुठे ठेवलंस आज?” ही सारखी इकडून तिकडे पळायची, म्हणून मावशीने तिचं नाव खार ठेवलं होतं. मावशीचे हात मनगटापर्यंत निळे. कितीही घासले तरी नखांतला रंग जात नसे. आईला त्याची लाज वाटायची. हिला वाटायचं, मोठं झालं की सगळ्यांचेच हात असे होतात.

मग ते झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं चार वर्षांचं पोर तापाने फणफणलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. आठवड्यापूर्वीच मावशीने त्याची जुनी पांढरी टोपी निळी रंगवून दिली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. टोपीतून करणी केली, अशी हाकाटी झाली. एकटी बाई, हात निळे, भांड्यांत सदा काहीतरी उकळत असलेलं. लोकांना आणखी काय हवं होतं?

सकाळी दहाच्या सुमारास माणसं आली. आईची त्या दिवशी सुट्टी होती आणि दोघी मावशीच्या खोलीसमोरच्या आपल्या घरात होत्या. आईने हिला आत ओढलं, दाराला कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिली. बाहेर भांडी फुटण्याचे आवाज आले. मावशीने दोनदा बहिणीला हाक मारली. आईने तोंडात पदर कोंबला, पण कडी काढली नाही. खिडकीच्या फटीतून हिला दिसलं ते एवढंच: रस्त्यावरून वाहणारं निळं पाणी आणि त्यातून पळणारे लोकांचे पाय.

महिन्याभरात आईने घर बदललं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. “कुणी विचारलं तर सांगायचं, मला मावशी नाही,” तिने बजावलं. “भिंतींनाही कान असतात.” मुलीने शाळेत सांगितलं. शेजारी सांगितलं. लग्नाच्या वेळी सासरीही सांगितलं. ‘मला मावशी नाही’ हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की ते तिच्या तोंडात पाढ्यासारखं बसलं.

पण बसस्टँडवर, बाजारात, परगावी पाटी रंगवायला गेली की तिची नजर आधी बायकांच्या हातांकडे जायची. त्रेचाळीस वर्षं. मावशी आता असलीच तर अठ्ठ्याहत्तरची असेल, हात कधीचे धुऊन निघाले असतील, हे कळत असूनही जायची.

आई तीन वर्षांपूर्वी वारली. तिच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी एक फोटो निघाला. आई तरुण, खुर्चीत बसलेली, आणि डावीकडचा भाग कात्रीने नीट कापलेला. कापणाऱ्या हाताला एक गोष्ट मात्र कापता आली नव्हती. आईच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती.

वही वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी पेंटरबाईने मास्तरांना होकार कळवला. मावशीचं मात्र बोलली नाही.

काम दोन महिने चाललं. भिंत घासली, अस्तर मारलं, आखणी केली. मास्तर एकेकाच्या नातवंडांना, शेजाऱ्यांना बोलावून आणत. ते सांगत तशी ती कागदावर काढी, खोडी, पुन्हा काढी. कुणाच्या आजीचं नाक, कुणाच्या काकाच्या मिशा. एका म्हाताऱ्याने आपल्या आईचं चित्र पाहून तक्रार केली, “अहो, ही फारच गरीब दिसते. माझी आई अशी नव्हती. मला दिवसातून दोनदा बदडायची.” तिने चित्रातल्या भुवया जरा चढवल्या, तेव्हा कुठे म्हातारा रडला.

दहा चेहरे झाले. सातवी जागा कोरी राहिली.

कारण पेंटरबाईला मावशीचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवत होते, काठी आठवत होती, आवाज आठवत होता. कागद घेऊन बसलं की हातांपासून वर दंड, खांदा, मान येई आणि तिथे वाफच वाफ. घरी ती आरशासमोर बसली. रक्ताचं नातं, काहीतरी तर उतरलं असेल. आरशात आई दिसायची. मावशी नाही.

“ही जागा तशीच ठेवू या का?” एक दिवस मास्तर म्हणाले. “हिला ओळखणारं कुणी सापडत नाही. एक वरच्या मजल्यावरची म्हातारी आहे, पण ती दारातूनच परत पाठवते. तीनदा गेलो.”

पेंटरबाईने ब्रश पुसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. काकू अजून त्याच घरात राहत होत्या. मावशीच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान होतं, आणि त्या रस्त्यावरची तेवढी एकच पाटी पेंटरबाईच्या हातची नव्हती. दुकानदार दोनदा विनवायला आला होता. तिने वेळ नाही म्हणून सांगितलं होतं.

“मी जाऊन बघते,” ती म्हणाली.

दुपारी तीन वाजता ती जिना चढली. सुनेने दार उघडलं. “सासूबाई कुणाला भेटत नाहीत हो. वाचनालयातून आला असाल तर—”

“त्यांना सांग, रंगारणीची खार आली आहे.”

सून गोंधळून आत गेली. मग आतून कापरा आवाज आला, “येऊ दे.”

काकू खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. एकाहत्तरच्या असतील, पण वाळून मूठभर झालेल्या. त्यांनी पेंटरबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सूड घ्यायला आलीस?”

“नाही.”

“मग? माफ करायला?”

“तेही नाही.” पेंटरबाईने पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. “मला तिचा चेहरा हवाय. माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल, तर द्या.”

काकूंनी डोळे मिटले. पेंटरबाईला वाटलं, आता हाकलतील. पण म्हातारीने डोळे न उघडताच बोलायला सुरुवात केली, जणू कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून तयार करून ठेवलं होतं.

“कपाळ लहान. दोन बोटांचं. डावी भुवई मधे तुटलेली, भांड्याचा कान लागला होता तिला. डोळे बारीक. म्हणजे होते मोठे, पण वाफेमुळे सदा बारीक करायची. कान मोठे, जरा बाहेर आलेले. उजव्या कानापाशी निळा ओघळ. केस मागे सारायची ना, त्याच बोटांनी. खालचे दात एकावर एक. म्हणून हसली की तोंडावर हात न्यायची, उलटा.”

पेन्सिल चालत होती. काकू मधेच डोळे उघडून कागदाकडे बघत. “हनुवटी एवढी टोकदार नाही. पुस ते. ओठ मिटलेले नको. काम करताना खालचा ओठ दातात धरायची.”

“तुम्हाला एवढं सगळं कसं आठवतं?” पेंटरबाईच्या तोंडून गेलं.

“ज्याच्यावर दात धरलेला असतो ना, त्याचं तोंड माणूस विसरत नाही.” काकूंनी पलंगाची कड घट्ट धरली. “पहिली दहा वर्षं मी ते तोंड रोज डोळ्यांपुढे आणायची. शिव्या द्यायला. मग हळूहळू कळायला लागलं. त्याच आठवड्यात या रस्त्यावरची आणखी दोन पोरं तापली होती गं. त्यांनी कुठे निळ्या टोप्या घातल्या होत्या? नळाचं पाणी गढूळ येत होतं. सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. पण पाण्याला शिव्या देऊन जीव शांत होत नाही. मला कुणीतरी माणूस हवा होता.”

पेंटरबाईने हनुवटी पुसून पुन्हा काढली.

“आणि गंमत बघ,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. “तिचं तोंड लख्ख आहे. माझ्या पोराचं गेलं. आठवायला बसते, तर कुठलंही पोर दिसतं, रस्त्यावरचं. आमच्याकडे फोटो कुठून असणार? तुला... तुला आठवतो का तो? तुझ्या मागे मागे असायचा.”

पेंटरबाईला आठवत होता. चांगला आठवत होता. सांगावं की नाही, हे मात्र कळेना. क्षणभर तिच्या मनात आलं, राहू दे हिलाही रिकामी. मग तिने मांडीवरचा कागद पाहिला. म्हातारीने हातचं काही राखलं नव्हतं.

“गोल होता तोंडाने,” ती म्हणाली. “हसताना डोळे पूर्ण मिटायचे, म्हणून हसत पळाला की धडकायचा. एकदा माझ्याच अंगावर आदळला. पुढचा दात किंचित तुटला होता. आणि मावशीच्या भांड्यात बोट बुडवायचा. ओरडलं की बोट पाठीमागे लपवायचा आणि नाकाला निळा रंग लागलेला.”

“नाकाला?”

“नाकाला. दर वेळी.”

काकू जिवाचा कान करून ऐकत होत्या. “नाकाला,” त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मग तोंडात पदराचा बोळा धरून हलत राहिल्या. दारातली सून पुढे आली, तशी त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

निघताना त्यांनी विचारलं, “मास्तरांच्या वहीत काय लिहिलंय? कुणी हाकललं तिला?”

“लोकांनी, असं लिहिलंय.”

“लोक म्हणजे कोण?” म्हातारी एकदम ताठ झाली. “लोक रस्त्याने जातात-येतात. तोंड कुणाचं तरी आधी उघडतं. सांगशील तेव्हा नीट सांग.”

चेहरा भिंतीवर चढवायला चार दिवस लागले. तुटकी भुवई, बाहेर आलेले कान, दातात धरलेला ओठ. तसूभरही फरक न करता तिने तो उतरवला आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, आता आतून काहीतरी उसळून येईल. काहीच आलं नाही. भिंतीवर एक अनोळखी बाई होती. त्रेचाळीस वर्षं जिची वाट पाहिली, ती आली, आणि आपल्यालाच ओळखता येऊ नये? ती खाली बसली आणि पोरासारखी रडली. मास्तरांना वाटलं, शिडीवरून पडल्या की काय.

तेव्हा तिने त्यांना सांगितलं. मास्तरांनी मुकाट्याने वही उघडली, सातव्या पानावरची ‘नातेवाईक आढळले नाहीत’ ही ओळ खोडली आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने लिहिलं, ‘एक भाची. सख्खी.’ आयुष्यभर पाट्या रंगवलेल्या बाईचं अक्षर त्या दिवशी वेडंवाकडं आलं.

पहिल्या रविवारी गोष्ट कुणाची, हे मग ठरवावं लागलं नाही. पाच वाजता वाचनालय भरून गेलं. चित्रापाशी येताच दोन-तीन म्हातारी माणसं थबकली. एकजण म्हणाला, “अरे, ही रंगारीण! माझा लग्नाचा कोट हिनेच काळा करून दिला होता.” आणि मग त्याने मान खाली घातली. त्या सकाळी तो कुठे होता, हे त्याला कुणी विचारलं नाही. ज्याला त्याला आपलं आपण आठवत होतं.

पेंटरबाई उभी राहिली. चारचौघांत बोलण्याची तिला सवय नव्हती. “ही माझी मावशी,” तिने सुरुवात केली, आणि हे एवढंच वाक्य बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. मग खोली सांगितली, भांडी सांगितली, पाढे आणि खारीचं शेपूट सांगितलं, तेव्हा माणसं हसली. आईने घातलेली कडी सांगितली, तेव्हा कुणी हसलं नाही. टोपीपर्यंत आली आणि तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. कडेच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. शेजारी सून, तिच्या हातात काठी.

पेंटरबाईने नजर काढून घेतली. समोर एवढीशी म्हातारी. “मग... मग लोक म्हणायला लागले...”

“लोक नव्हे.” काकू सुनेच्या हाताला धरून उठल्या. आवाज बारीक होता, पण खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. “मी. पहिल्यांदा मी म्हणाले. जिन्यात उभी राहून. तोवर हिच्यावर माझा राग नव्हता, माझं पोर गेलं होतं. पण म्हणाले मी. बाकीच्यांनी मग भर घातली.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “ज्यांनी घातली त्यांतले चारजण इथे बसलेत. नावं मी घेणार नाही. माझं मी घेतलं.”

कोटवाला म्हातारा हातातल्या टोपीची कड चिमटत बसला. काकू खाली बसल्या, आणि पेंटरबाईने गोष्ट पुलापर्यंत नेली. पुलापलीकडचं तिला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं: “पुढचं मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर मला हवंय.”

कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर ती दर सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी वाचनालयात जाऊ लागली. मास्तर कुलूप काढायचे, खुर्ची सरकवून द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. ती चित्रासमोर बसायची. कधी मनात पाढे म्हणायची, कधी दिवसभरात काय काय रंगवायचंय ते सांगायची. दुकानदारांच्या तक्रारी सांगायची. काकूंकडेही दोन-तीनदा जाऊन आली. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. एकदा काकूंनी विचारलं, “नाकाला म्हणालीस ना?” आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं.

हिवाळ्यात एका सकाळी ती चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभी होती. कोवळं ऊन पाठीवर होतं. निळ्या रंगाचा डबा ढवळायला म्हणून ती वाकली, आणि काठी भांड्यातून फिरवताना मावशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. संपूर्ण. तुटकी भुवई, वाफेने बारीक झालेले डोळे. मावशी हसली आणि उलटा हात तोंडावर नेला.

हे तोंड आतून वर आलं होतं की भिंतीवरून आत गेलं होतं, तिला सांगता आलं नसतं. त्रेचाळीस वर्षांनी तेवढी निवड करत बसण्याची तिची इच्छाही नव्हती. तिने शिडीची पायरी घट्ट धरली आणि हलली नाही. हललं तर जाईल अशी भीती वाटली.

“बाई, रंग ठिबकतोय,” खालून दुकानदार ओरडला.

“ठिबकू दे जरा,” ती म्हणाली.